सर्जन आहे, ऑपरेशन नाही: गरीब देशांत शस्त्रक्रिया कुठे अडते

जांघेत लिंबाएवढी गाठ येते. खोकलं की फुगते, आडवं पडलं की आत जाते. फारशी दुखत नाही, म्हणून माणूस तसाच शेतात राबत राहतो. हा हर्निया. पोटाच्या भिंतीत एक कमकुवत जागा असते, तिथून आतडं बाहेर डोकावतं. वेळेत ऑपरेशन केलं तर पाऊण-एक तासाचं काम. तेवढ्या जागेपुरती भूल देऊनही ते होतं आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

पण एखाद्या दिवशी आतडं बाहेरच अडकून बसतं. गाठ टणक होते, आत ढकलली जात नाही, पोट फुगतं, उलट्या सुरू होतात. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच ते काळं पडायला लागतं. मग जांघेतल्या छोट्या छेदावर भागत नाही. मेलेला भाग कापून उरलेली टोकं जोडावी लागतात. त्यासाठी पूर्ण भूल, भरपूर सलाईन, प्रतिजैविकं, कधी रक्त, आणि नंतर आठवडाभर रुग्णालयात मुक्काम. त्यातही दोन दिवस उशीर झाला तर आतडं फुटतं, पोटभर जंतुसंसर्ग पसरतो आणि माणूस दगावतो. पाऊण तासाच्या कामाचं हे असं होतं ते आजार अवघड आहे म्हणून नव्हे. पहिल्या गाठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत जी साखळी लागते, तिची एखादी कडी जागेवर नसते.

पाच अब्जांचा हिशेब

२०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातल्या सुमारे ५ अब्ज लोकांच्या आवाक्यात नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा ऐकून अनेकांना वाटतं की एवढ्या लोकांना सर्जनच मिळत नाही. हिशेब तसा केलेला नाही. चार प्रश्न विचारले गेले: वेळेत पोहोचता येईल का, तिथे ऑपरेशन करण्याची क्षमता आहे का, ते सुरक्षितपणे होईल का, आणि त्याचा खर्च पेलेल का. चारांपैकी एकाचं उत्तर 'नाही' आलं, की त्या माणसाला शस्त्रक्रिया उपलब्ध नाही असं धरलं. पूर्व, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत या चाळणीतून शंभरातले पाचही लोक पार होत नाहीत.

आयोगाच्या हिशेबानुसार जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी ऑपरेशनं होतात. सर्वांत गरीब देशांत जगाची एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या राहते, पण या ३१ कोटींपैकी त्यांच्या वाट्याला येतात जेमतेम ६ टक्के. किमान गरज भागवायची तर दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं व्हायला हवीत. लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० ऑपरेशनं हे आयोगाने सुचवलेलं लक्ष्य.

ही गरज डोळ्यांना दिसत नाही, कारण जो रुग्णालयात पोहोचलाच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून सिएरा लिओनमध्ये घरोघरी जाऊन विचारण्यात आलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर चारांतल्या एकाला सर्जनने तपासावं असं काहीतरी निघालं: गाठ, न भरणारी जखम, वाकडं जुळलेलं हाड, भाजल्यामुळे आखडलेला हात.

एखादं रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी सक्षम आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण ठरली आहे. तीन कामं तिथे होतात का, एवढंच पाहायचं: सिझेरियन, पोट उघडून करायचं ऑपरेशन, आणि हाड कातडीबाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. ही तीन निवडण्यामागे हिशेब आहे. सिझेरियनला वेग लागतो आणि रक्त लागतं. पोट उघडायला चांगली भूल आणि नंतरची देखरेख लागते. उघड्या फ्रॅक्चरला तासन्‌तास जखम धुण्याइतकं पाणी, निर्जंतुक उपकरणं आणि पुन्हापुन्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेण्याची सोय लागते. जिथे ही तिन्ही नीट होतात, तिथे बाकीची बहुतेक नेहमीची ऑपरेशनंही होतात.

दारापर्यंत पोहोचताना

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना तीन उशिरांची मांडणी पुढे आली, ती शस्त्रक्रियेलाही तंतोतंत लागू पडते. पहिला उशीर घरातला: जायचं की नाही हे ठरवण्यातला. दुसरा वाटेतला. तिसरा रुग्णालयात पोहोचल्यावरचा.

घरातल्या उशिराला लोक सहसा 'अज्ञान' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्यात बराच व्यवहार असतो. गेल्या वेळी शेजारच्याला नेलं तेव्हा डॉक्टर नव्हते, परत पाठवलं, भाडं वाया गेलं. मग यंदा कुणी लवकर का निघेल? रुग्णालयाचा भरवसा नसला की लोक शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात. शेवटच्या क्षणी आलेला रुग्ण जास्त वेळा दगावतो आणि भरवसा आणखी उडतो.

वाटेसाठी दोन तासांची मर्यादा धरतात, तिलाही कारण आहे. बाळंतपणानंतर जोरात रक्तस्राव सुरू झाला आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर बाई सुमारे दोन तासांत दगावू शकते. नकाशावर दोन तास म्हणजे किती किलोमीटर हे पावसाळ्यात बदलतं, रात्री बदलतं, नदीवर पूल नसेल तर तासाचा अर्थच उरत नाही. रुग्णवाहिका दारात उभी असते पण टाकीत डिझेल नसतं, किंवा ते नातेवाइकांनी भरायचं असतं. खालच्या केंद्रातून रुग्ण वर पाठवताना फोन केला जात नाही, म्हणून तो पोहोचल्यावर ओटीची तयारी सुरू होते. हा शेवटचा दोष काढायला नवी इमारत लागत नाही. एक ठरलेला फोन नंबर आणि तो चोवीस तास उचलणारा माणूस, एवढं पुरतं.

रात्री दोन वाजता एक सिझेरियन

समजा, बाळंतपणात अडलेली बाई पोहोचली. जिल्हा पातळीचं रुग्णालय, रात्रीचे दोन, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावलेत. आता काय काय लागतं?

माणसं आधी मोजू. चाकू हातात घेणारा, त्याचा मदतनीस, उपकरणं हातात देणारी नर्स, बाहेरून सामान पुरवणारा, भूल देणारा, आणि जन्मल्याबरोबर बाळाकडे पाहणारं कुणीतरी. सहा जण. मोठ्या शहरात ते ड्युटीवर असतात. इथे तिघे घरी झोपलेले असतात आणि त्यांना बोलवायला कुणाला तरी धाडावं लागतं.

भूल. सिझेरियनला बहुतेकदा कण्यात भूल देतात: ०.५ टक्के 'हेवी' बुपिवाकेन, साधारण २ मिलिलिटर, बारीक सुईने कमरेच्या मणक्यांमधून. स्वस्त, झटपट, यंत्राची गरज नाही. पण औषध टोचल्यावर काही मिनिटांतच रक्तदाब कोसळू शकतो. त्यासाठी सलाईन चालू हवं, बाईला किंचित डाव्या कुशीकडे कलवायला हवं, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही, आणि रक्तदाब चढवणारं इंजेक्शन भरून तयार हवं. भूल जास्त वर चढली तर श्वासाचे स्नायूही ढिले पडतात. अशा वेळी श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास द्यावा लागतो. हे येणारा माणूस खोलीत नसेल, तर सोपी आणि स्वस्त भूलच जिवावर उठते.

कण्यात भूल देता येत नसेल तेव्हा केटामीन कामाला येतं. शिरेतून किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम दिलं की मिनिटभरात रुग्ण बधिर होतो, पण स्वतःचा श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाबही पडत नाही. भुलीचं यंत्र नाही, वीज गेलेली आहे, अशा ठिकाणी बरीचशी शस्त्रक्रिया याच एका औषधावर तगून असते. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालायचा प्रस्ताव आला होता, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याला विरोध केला तो यासाठीच.

ऑक्सिजन. इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त गफलती इथेच होतात. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने सोडला तर तो २३ तास पुरतो, तोही एकाच रुग्णाला. सिलिंडर भरून आणायचा तर ट्रक दूरच्या शहरात जातो, आणि पावसात रस्ता बंद झाला की ऑक्सिजनही बंद. दुसरा उपाय कॉन्सन्ट्रेटर. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, झिओलाइट नावाच्या खड्यांतून दाबाने नेतं, ते खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि बाहेर ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन येतो. सिलिंडरच्या वाहतुकीच्या मानाने फार स्वस्त. पण वीज गेली की त्या क्षणी थांबतं, म्हणून शेजारी एक भरलेला सिलिंडर ठेवावाच लागतो. मागची जाळी आठवड्यातून एकदा धुवायची असते. धुतली नाही तर धुळीने गुदमरून यंत्र तापतं. दमट हवा खड्यांपर्यंत पोहोचली तर ते निकामी होतात. तेव्हा यंत्र आवाज करत राहतं, नळीतून वारा येत राहतो, पण त्यात ऑक्सिजन साध्या हवेपेक्षा फारसा जास्त नसतो. मोजणारं साधन नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं साधन म्हणजे बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर. २०१० साली केलेल्या एका अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७७ हजार ओटींमध्ये तो नव्हता. म्हणजे भूल दिलेला माणूस निळा पडायला लागला की मगच कळायचं. गोऱ्या कातडीवर निळेपण लवकर दिसतं, काळ्यावर फार उशिरा.

रक्त. पिशवी २ ते ६ अंश सेल्सियसला ठेवावी लागते आणि नेहमीच्या द्रावणात ती ३५ दिवस टिकते. लहान रुग्णालयाची अडचण दुहेरी आहे. साठा ठेवला तर दुर्मीळ गटाच्या पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागतात, नाही ठेवला तर गरजेच्या रात्री मिळत नाहीत. मग नातेवाइकांचं रक्त काढा, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या करा, जुळवा. यात तासापेक्षा जास्त वेळ सहज जातो. रवांडाने २०१६ पासून ड्रोनने रक्त पोहोचवायला सुरुवात केली. वेळ तर वाचलाच, शिवाय साठा मध्यवर्ती ठिकाणी राहिल्याने वाया जाणाऱ्या पिशव्याही कमी झाल्या. ड्रोनच्या बातम्यांत ही दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रक्त येईपर्यंत रक्तस्राव रोखायला ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून देतात. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तरच त्याचा फायदा होतो, त्यानंतर नाही.

आणि निर्जंतुक उपकरणं. कापडात गुंडाळलेला संच साध्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, १२१ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचा असतो, आणि ही ३० मिनिटं आत तापमान गाठल्यापासून मोजायची, शेगडी पेटवल्यापासून नव्हे. सुरुवातीला आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ दिली नाही तर काटा योग्य दाब दाखवतो पण तापमान कमीच राहतं. संच ठासून भरले तर मधल्या गठ्ठ्यापर्यंत वाफ पोहोचत नाही. ओले गठ्ठे घाईने बाहेर काढले तर ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात. गठ्ठ्यावर चिकटवलेल्या, तापल्यावर रंग बदलणाऱ्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे गठ्ठा बाहेरून तापला, एवढंच सिद्ध होतं. मध्येच वीज गेली तर वेळ पुन्हा शून्यापासून. आता रुग्णालयात सिझेरियनचे दोनच संच आहेत असं धरा. संच धुणं, गुंडाळणं, तापवणं, वाळणं, थंड होणं यात दीड-दोन तास जातात. त्या रात्री तिसरी बाई आली, तर सर्जन हात धुऊन उभा असूनही ऑपरेशन होणार नाही. त्याचे हात बांधून ठेवते ती कात्र्या-चिमट्यांच्या एका जादा संचाची उणीव.

दान म्हणून आलेली यंत्रं हा या कहाणीतला एक वेगळाच प्रकार. कोपऱ्यात भुलीचं देखणं यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली उभं असतं. ते ११० व्होल्टचं असतं आणि भिंतीत २३० व्होल्ट. किंवा त्याला नळीतून येणारा दाबाचा ऑक्सिजन लागतो, जो या इमारतीत नाही. किंवा त्याचा एक सेन्सर वर्षभरात संपतो आणि तो फक्त मूळ कंपनीकडे मिळतो. साधनांची चणचण असलेल्या देशांतल्या पाहण्यांत वैद्यकीय यंत्रांपैकी सुमारे ४० टक्के बंद आढळली आहेत. त्यातली बरीचशी फ्यूज, वायर, फिल्टर अशा किरकोळ कारणांनी बंद असतात. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सुट्या भागांची एक पेटी, यांनी जेवढी ऑपरेशनं वाढतात तेवढी नव्या यंत्राने क्वचितच वाढत असतील.

मृत्यू ओटीत होत नाहीत

ऑपरेशन टेबलवरचा मृत्यू सिनेमात दिसतो. आकडे वेगळं सांगतात. आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या २४७ रुग्णालयांत एका आठवड्याच्या सगळ्या ऑपरेशनांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११,४२२ रुग्ण होते. ते जागतिक सरासरीपेक्षा तरुण होते, त्यांचे इतर आजार कमी होते, ऑपरेशनंही तुलनेने लहान होती. तरी त्यांचं मरण्याचं प्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट, २.१ टक्के निघालं. आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे ९५ टक्के ऑपरेशनच्या दिवसानंतर झाले होते. सिझेरियन झालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण हजारामागे ५ च्या वर होतं, म्हणजे श्रीमंत देशांच्या जवळजवळ ५० पट.

म्हणजे ऑपरेशन पार पडतं, रुग्ण वॉर्डात येतो, आणि तिथे दगावतो. वॉर्डात रात्री तीस-चाळीस खाटांना एक नर्स. पोटात हळूहळू रक्त साचतंय. नाडी ९० वरून ११० वर, मग १३० वर जाते. लघवी कमी होते. रक्तदाब पडतो तो सगळ्यांत शेवटी, विशेषतः तरुण माणसात. दर चार तासांनी नाडी, श्वासाचा वेग आणि लघवी मोजली असती तर मध्यरात्री कळलं असतं. सकाळच्या राउंडला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गुंतागुंत श्रीमंत देशातही होते. तिथे ती लवकर पकडली जाते, हाच मोठा फरक. म्हणून ऑपरेशन झालेले रुग्ण नर्सच्या टेबलासमोरच्या खाटांवर ठेवणं, नाडी १२० च्या वर गेली की कुणालाही न विचारता डॉक्टरला उठवायचं असा नियम करणं, नातेवाइकाला लघवीची पिशवी कशी पाहायची हे शिकवणं, या बिनखर्ची गोष्टींना मोल आहे.

जखम चिघळण्याचंही असंच. ६६ देशांतल्या एका अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण विकसित देशांत ९ टक्के, तर सर्वांत मागास देशांत २३ टक्के होतं. त्यावर महागडे उपाय सुचवले गेले, उदाहरणार्थ जंतुनाशक लेपाचे टाके. मोठ्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही. फायदा दिसला तो अगदी साध्या सवयीचा. जखम शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवण्यासाठी वेगळी ठेवलेली स्वच्छ उपकरणं घ्यायची. बेनिन, घाना, नायजेरिया, रवांडा यांच्यासह सात देशांत १३ हजारांवर रुग्णांत हे तपासलं गेलं आणि २०२२ साली निकाल आला: संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर. घट लहान वाटते, पण खर्च मोज्यांच्या काही जोड्यांचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची तपासयादी याच जातकुळीतली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं: हाच रुग्ण ना, हीच बाजू ना, प्रतिजैविक दिलं का, रक्त तयार आहे का, गॉज (रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजले का. टांझानियातल्या इफाकारासह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असं २००९ साली दिसलं. पुढे काय बिघडतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे: कागद ऑपरेशननंतर एकदम भरला जातो, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा. यादी कामाची तेव्हाच, जेव्हा सर्वांत कनिष्ठ नर्स 'थांबा, गॉज एक कमी आहे' म्हणू शकते आणि सर्जन खरंच थांबतो.

कापणार कोण?

लाख लोकसंख्येमागे सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून किमान २० हवेत, असं लक्ष्य आहे. वर उल्लेख केलेल्या २५ देशांच्या अभ्यासात हा आकडा ०.७ होता. जे आहेत ते बहुतेक राजधानीत. भूलतज्ज्ञांची टंचाई सर्जनपेक्षाही जास्त, आणि त्यांच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. सर्जन एकटा आला तर फार तर गळू फोडेल. त्याच्या जोडीला भूल देणारा आला की पोट उघडता येतं.

तज्ज्ञ घडवायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि घडल्यावर त्यातले बरेच देश सोडतात. मोझांबिकने १९८४ मध्ये वेगळी वाट धरली: डॉक्टर नसलेल्या, पण अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं शिकवून 'तेक्निको द सिरुर्जिया', म्हणजे शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ बनवायचं. पुढे जिल्हा रुग्णालयांतली सिझेरियन आणि तत्सम मोठी ऑपरेशनं मोजली, तेव्हा त्यांतली ९२ टक्के यांनी केलेली निघाली. सात वर्षांनंतर यांच्यातले ८८ टक्के जिल्ह्यातच टिकून होते. त्याच काळात जिल्ह्यात नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. मलावी, टांझानिया, इथिओपिया, सिएरा लिओन इथेही असे मार्ग आहेत.

यावर नाक मुरडणारे डॉक्टर कमी नाहीत, आणि त्यांची एक शंका रास्त आहे. मर्यादित कामाचं शिक्षण दिलेला माणूस एकटा पडला तर मर्यादेबाहेरचं काम अंगावर घेतो, कारण नाही म्हटलं तर समोरचा मरणार असतो. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी येऊन सोबत ऑपरेशन करणारा वरिष्ठ, अडलं तर उचलला जाणारा फोन, कायद्याचं संरक्षण आणि पगारवाढीची शिडी, हे चारही नसतील तर ही योजना म्हणजे कमी पैशांत राबवून घेणं ठरतं. दुसरीकडे तज्ज्ञ घडवण्याचं कामही चालू आहे. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जनांचं कोसेक्सा हे महाविद्यालय १९९९ साली स्थापन झालं. तिथला विद्यार्थी आपल्याच देशातल्या रुग्णालयात काम करत शिकतो, त्यामुळे शिकून झाल्यावर तो तिथेच राहण्याची शक्यता वाढते.

बिल कुणाच्या नावावर

लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक ऑपरेशनच्या आणि भुलीच्या बिलापायी कर्जात किंवा कंगालीत जातात. आणखी ४ कोटी ८० लाख लोकांना बुडवणारा खर्च वैद्यकीय नसतोच: भाडं, जेवण, राहणं. सिझेरियन 'मोफत' असलेल्या देशातही नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी येते: मोजे चार जोड्या, टाक्याचा धागा, सलाईन, प्रतिजैविक, कापूस. रुग्णालयाच्या औषधालयात माल संपलेला असतो आणि फाटकाबाहेरचं दुकान रात्रभर उघडं असतं. चिठ्ठीतलं सामान जमेपर्यंत ऑपरेशन थांबतं, म्हणजे तिसऱ्या उशिराचा एक भाग पैशांचाच असतो. काही रुग्णालयं यावर साधा तोडगा काढतात: एका ऑपरेशनला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची बंद पिशवी आधीच तयार ठेवायची, आधी वापरायची, हिशेब नंतर.

शस्त्रक्रिया महाग, ती गरीब देशांनी नंतर पाहावी, आधी लसी आणि मच्छरदाण्या, हा विचार दशकानुदशकं चालला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हाफडान माहलर यांनी सर्जनांच्या सभेत या दुर्लक्षाबद्दल बोलून दाखवलं होतं; संघटनेचा ठराव यायला २०१५ उजाडलं. दरम्यान हिशेबही झाले. निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला किती डॉलर लागतात, या मापाने सर्वसाधारण शस्त्रक्रिया सुमारे ८२ डॉलर आणि सिझेरियन सुमारे ३१५ डॉलर पडतं. एचआयव्हीवरच्या औषधांना याच मापाने ४५० डॉलरहून जास्त लागत होते, आणि ती द्यायलाच हवीत यावर कुणी वाद घालत नाही.

परदेशी पथकं येतात, दोन आठवड्यांत शेकडो फाटलेले ओठ शिवून जातात. त्याचा उपयोग आहेच. थांबू शकणाऱ्या आजारांसाठी ही पद्धत चालते. पण पीळ पडलेलं आतडं किंवा आडवं आलेलं बाळ पथकाच्या तारखा पाहून येत नाही. शिवाय पथक गेल्यावर टाका उसवला तर तो कोण पाहणार? आदिस अबाबातलं फिस्टुला (अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला पडणारं भोक) रुग्णालय १९७४ पासून तिथेच पाय रोवून आहे आणि त्याने तिथलेच हात तयार केले. इथिओपियाने २०१६ साली, झांबियाने २०१७ साली आणि टांझानियाने २०१८ साली शस्त्रक्रिया, प्रसूती आणि भूल यांचे राष्ट्रीय आराखडे काढले, ते याच दिशेने. आराखड्यांची अडचण एकच: कागदावर यंत्रं, माणसं, रक्त, नोंदी सगळं असतं, अर्थखात्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ओळ नसते.

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये कमकुवत जागेवर एक जाळी शिवतात, म्हणजे तो पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. २०१६ च्या सुमारास कंपनीची जाळी सुमारे १२५ डॉलरला मिळायची. युगांडात संशोधकांनी मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे वापरून पाहिले, खर्च सुमारे १ डॉलर. ३०२ पुरुषांवरच्या त्या चाचणीचा निकाल २०१६ साली आला: वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परतला, कंपनीच्या जाळीच्या गटात कुणाचाही नाही, बाकी दोन्ही सारख्याच. हे कापड पॉलिथिलिनचं असल्यामुळे ते १२१ अंशांवर निर्जंतुक करावं लागतं. १३४ अंशांच्या झटपट आवर्तनात घातलं तर आकसून वाया जातं. त्यामुळे एक डॉलरची जाळी वापरायची असेल तर रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हचा तापमापक बरोबर दाखवतो की नाही, हे आधी तपासून घ्यावं लागतं.